तीस हजारांत पक्षी, नातू आणि एक दुखरा खांदा

वाचकाचं पत्र: "चिपळूणजवळ राहते. हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. तरुणपणी यांच्या याशिकावर फोटो काढायचे, त्यामुळे अ‍ॅपर्चर-शटरची ओळख आहे. तो कॅमेरा जुलै २०२१ च्या पुरात गेला. आता डिजिटल घ्यावा म्हणते, पण सगळं मिळून तीस हजारांच्या वर जायचं नाही. परसात उंबर आहे, त्यावर दिवसभर पक्षी असतात. शिवाय दीड वर्षाचा नातू आणि आसपासची जुनी देवळं. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो मोबाइल आहे की, कशाला पैसे घालवतेस. भाचा म्हणतो मिररलेसच घे. दुकानदार दोन लेन्सचा नवा सेट गळ्यात मारायला बघतोय. किती मेगापिक्सेल असावेत? वापरलेला घेतला तर फसेन का? चष्मा आहे, हात जरा थरथरतो आणि वर्षभर उजवा खांदा आखडलाय, हेही सांगून ठेवते."

बाई, नमस्कार.

खांद्याचं तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमचा कॅमेरा त्या खांद्यानंच ठरवायचा आहे. लोक आधी कंपनी ठरवतात, मग मेगापिक्सेल मोजतात, मग किमतीवर घासाघीस करतात. वजन, चष्मा, दुखणं हे सगळं घरी आणल्यावर लक्षात येतं, आणि मग कॅमेरा कपाटात जातो तो सणासुदीलाच बाहेर निघतो.

शटरचं बटण सगळ्या कॅमेऱ्यांना उजवीकडेच असतं. कॅमेरा डोळ्याला लावायचा म्हणजे उजवा हात उचलायचा, आणि पक्षी पानाआडून बाहेर येईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. आखडलेल्या खांद्याला नेमकं हेच झेपत नाही. म्हणून तुम्हाला असा कॅमेरा हवा, ज्याचा मागचा पडदा दाराच्या फळीसारखा बाहेर उघडतो आणि वर-खाली फिरतो. मग कॅमेरा छातीशी धरता येतो, दोन्ही कोपर बरगड्यांना टेकतात, मान खाली घालून पडद्याकडे बघायचं. पडदा टचस्क्रीन असेल तर डाव्या अंगठ्यानं पक्ष्यावर टेकवलं की कॅमेरा तिथं फोकस करून फोटोही काढतो. उजव्या हातानं फक्त धरून ठेवायचं. कोपर अंगाला टेकल्यानं हाताची थरथरही बरीच कमी होते.

एवढी अट घातली की तुमच्या पैशांत यादी एकदम आखूड होते. माझं बोट कॅननच्या २००डी या कॅमेऱ्यावर आहे. हा २०१७ सालचा डीएसएलआर, म्हणजे आतल्या आरशावरून दृश्य डोळ्यापर्यंत पोचवणारा कॅमेरा. भाचा म्हणतो त्या मिररलेसमध्ये हा आरसा नसतो. २०१९ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली, त्यामुळे पहिला २००डी आता वापरलेलाच मिळतो. बॅटरी आणि कार्ड धरून वजन ४५३ ग्रॅम, सोबतची छोटी १८-५५ लेन्स लावली तरी पाऊण किलोच्या आतच. २४ मेगापिक्सेल, उघडणारा टचस्क्रीन, वाय-फाय. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे, पडद्यावर बघून फोटो काढताना हा झटकन फोकस करतो. त्या काळातल्या बहुतेक स्वस्त डीएसएलआरना हे जमत नसे. डोळा लावला की चपळ, पडदा वापरला की पुढे-मागे चाचपडत बसायचे. निकॉनच्या डी५३०० चाही पडदा असाच उघडतो, फोटोही छान येतात, आणि त्यात जीपीएस असल्यानं प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश नोंदवले जातात. भूगोलाच्या बाईंना हे सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही! पण पडद्यावरून फोकस करताना तो रेंगाळतो, आणि दीड वर्षाचं मूल कॅमेऱ्यासाठी थांबत नाही. खांदा ठणठणीत असता तर निकॉनचे डी३४०० किंवा डी३५०० मी आधी सुचवले असते. हलके आहेत, एका चार्जिंगवर हजाराच्या वर फोटो देतात. पण त्यांचा पडदा जागचा हलत नाही.

चष्म्याचं एक सांगते. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, कडेला एक चिमुकली चकती असते, डायॉप्टरची. ती फिरवून आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत जुळवून घ्यायचं, मग नंबर फार मोठा नसेल तर चष्मा काढूनही दिसतं. दुकानात हातात कॅमेरा आला की पहिलं काम हे करा. कॅननचा ३०००डी नावाचा सगळ्यात स्वस्त कॅमेरा तुम्हाला कुणीतरी नक्की दाखवेल. त्याला ही चकतीच नाही, आणि लेन्स बसते ती कडीसुद्धा प्लॅस्टिकची आहे. किंमत कितीही खाली आली तरी तो घेऊ नका.

आता भाच्याचं म्हणणं. तो चूक नाही. कॅनन आणि निकॉन दोघांचंही लक्ष आता मिररलेसवरच आहे, नवे डीएसएलआर येणं जवळपास थांबलंय. पण कॅननच्या नव्या मिररलेसमधला स्वस्तातला म्हणजे आर१००, आणि त्याचा पडदा ना उघडत, ना टच. उघडणारा पडदा असलेला आर५० लेन्ससकट तुमच्या बजेटच्या दुपटीच्या घरात जातो. भाच्याची पिढी डीएसएलआर विकून मिररलेस घेतेय, म्हणूनच चांगले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स बाजारात स्वस्त झाल्यात. तुम्हाला त्याचा फायदाच आहे.

मुलाचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. नातवाचे घरातले फोटो, देवळाचा सभामंडप, पंगत, हे सगळं बऱ्यापैकी मोबाइल छान काढतो, अंधारात तर कधी कधी कॅमेऱ्यापेक्षा बरा. पण उंबरावरचा तांबट त्याच्या आवाक्यात नाही. बोटांनी चिमटून मोठा केला की पक्ष्याच्या जागी हिरवा-तांबडा डाग उरतो.

मेगापिक्सेलचं एका परिच्छेदात संपवू. बारा बाय आठ इंचांची स्वच्छ छपाई करायला साडेआठ-नऊ मेगापिक्सेल पुरतात. घरच्या फोर-के टीव्हीवर दाखवायला सव्वाआठ. वापरलेल्या बाजारातला बहुतेक कुठलाही कॅमेरा याच्या वरच असतो. जास्तीचे मेगापिक्सेल उपयोगी पडतात ते दूरचा पक्षी कापून मोठा करायला, आणि त्यासाठी २४ भरपूर झाले.

पक्ष्यांसाठी जरा आकडेमोड करू, म्हणजे उगाच अपेक्षा वाढायला नकोत. तुमचा उंबर खिडकीपासून आठ मीटरवर आहे असं धरू. २००डी ला ५५-२५० ही लांब पल्ल्याची लेन्स लावून पूर्ण झूम केलं, तर आठ मीटरवर जेमतेम सत्तर सेंटिमीटर रुंदीचा तुकडा चौकटीत येतो. वीस सेंटिमीटरचा बुलबुल त्यात चौथा हिस्सा आणि थोडा जास्त व्यापेल. कडेची पानं कापली की पंखाची एकेक रेघ दिसेल असा फोटो होतो. बुलबुल, तांबट, दयाळ, हळद्या, सगळे या हिशेबात बसले.

पण तोच हिशेब साठ मीटरवरच्या सावरीवर बसलेल्या धनेशाला लावा. चौकट सव्वापाच मीटरांची होते, आणि पाऊण मीटरही न भरणारा धनेश तिच्या कोपऱ्यात कुठंतरी हरवतो. वाशिष्ठीच्या खाडीत पल्याडच्या काठावर पडलेल्या मगरींचं तेच. अशा दूरच्यांसाठी वेगळी जात आहे, ब्रिज कॅमेऱ्यांची. लेन्स काढता येत नाही, पण झूम अचाट असतो. निकॉनचा पी९०० त्यातला प्रसिद्ध, २०१५ सालचा, ८३ पट झूमचा. साठ मीटरवर तो एक मीटरची चौकट धरतो, म्हणजे धनेश मुंडक्यापासून शेपटीपर्यंत भरून येतो. उलट आठ मीटरवर पूर्ण झूम केलात तर चौकट चौदा सेंटिमीटरांची, त्यात बुलबुल मावायचाच नाही. त्याचाही पडदा उघडतो, पण टच नाही. वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास.

मग तो का नाही? प्रकाशासाठी. पी९०० मधला प्रकाश टिपणारा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. २००डी चा त्याच्या जवळजवळ बारापट मोठा. मे महिन्याच्या लख्ख उन्हात हा फरक फारसा कळत नाही. पण कोकणात वर्षातले चार महिने आभाळ भरलेलं, उंबराखाली एरवीही सावलीच, आणि पक्षी येतात पहाटे नाहीतर उन्हं कलल्यावर. तेव्हा लहान सेन्सरचे फोटो पाणी लागलेल्या जलरंगासारखे पसरतात. तुमच्या पत्रात उंबर आहे, नातू आहे, देवळं आहेत, आणि तिन्ही जागी ऊन कमीच. तुम्ही नुसतं धनेश आणि मगरी लिहिलं असतंत तर मी डोळे मिटून पी९०० सांगितला असता.

आता फसण्याचा प्रश्न. वापरलेला कॅमेरा शक्यतो दुकानातून घ्या, बिल आणि थोड्या महिन्यांची तरी दुकानाची हमी घेऊन. मुंबईला येणं होत असेल तर सीएसएमटीच्या पलीकडे फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं ओळीनं आहेत, एका फेरीत भावाचा अंदाज येतो. २००डी १८-५५ लेन्ससकट तीस हजारांच्या आत मिळायला हरकत नाही. किती आत, ते अवस्थेवर. पंचवीसच्या खाली मिळाला तर उरलेले पैसे दुसऱ्या लेन्ससाठी बाजूला काढा. दोन्ही लेन्स एकदम घ्यायची घाई नको.

जाताना स्वतःचं मेमरी कार्ड आणि भाच्याला घेऊन जा. कॅमेरा हातात आला की आधी वरची धातूची खाच बघा, जिथं फ्लॅश बसवतात ती. तिचा काळा रंग खरवडून आतलं पांढरं धातू चमकत असेल, तर तो कॅमेरा लग्नांत राबलेला आहे. पुढं कितीही सांगोत, "एकाच हातचा, घरगुती". निकॉनच्या फोटोतच शटर किती वेळा उडालं हा आकडा लपलेला असतो, तो सहज वाचता येतो. कॅननचा असा सहजी मिळत नाही, म्हणून झिजेवरून ताडावं लागतं. पकडीचं रबर सुटलंय का, बटणांवरची अक्षरं पुसलीत का, पट्टा अडकवायच्या कड्या घासल्यात का, ते बघा. हौशी माणसाचा कॅमेरा ओळखू येतो. त्याचा खोका, पुस्तिका, सगळं जपलेलं असतं, आणि खोक्यावरचा सिरियल नंबर कॅमेऱ्याच्या बुडावरच्या नंबराशी जुळतो. नसेल जुळत तर सरळ परत द्या.

मग लेन्स काढायला सांगा. तिच्यातून आरपार मोबाइलचा टॉर्च मारा, सरळ नको, जरा तिरका. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे कडेकडेनं पसरलेले दिसले तर ती बुरशी. दमट हवेत ती वाढतच जाते. धुळीचे दोन-चार कण असले तर काही बिघडत नाही, धागे मात्र एकही नको. शेवटी अ‍ॅपर्चर एफ/२२ ला नेऊन दुकानाच्या पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून बघा. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण साफ करून द्यायला दुकानदाराला सांगा, किंवा तेवढे पैसे कमी करा. कॅमेऱ्याची बॅटरी काढून सपाट काउंटरवर ठेवा. डुलली तर ती फुगलेली आहे.

दुकानदार जाताना यूव्ही फिल्टर, हलका ट्रायपॉड, साफसफाईचं पाकीट असा "कॉम्बो" पुढं करेल. हात जोडा. ते ट्रायपॉड वाऱ्यावर हलतात. त्यापेक्षा जाड कापडाची पिशवी शिवून तिच्यात किलोभर मूग भरा, तोंड शिवून टाका, आणि ती खिडकीच्या चौकटीवर ठेवून तिच्यात लेन्स रुतवा. अशानं लांबची लेन्स दगडासारखी स्थिर राहते, आणि खांद्यावर काहीच भार येत नाही. पैसे खर्चायचेच तर नावाजलेल्या कंपनीचं ३२ किंवा ६४ जीबीचं कार्ड घ्या, दुकानातूनच, कारण नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. आणि एक रुंद, तिरका घालायचा पट्टा. गळ्यात अडकवू नका. डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेशी येईल असा घाला.

तुम्ही याशिका वापरलाय म्हणजे निम्मं शिक्षण झालेलंच आहे, क्लास वगैरे लावू नका. तुमच्या वेळी रोल घालताना एएसए एकदाच ठरायचा, शंभर तर शंभर, छत्तीस फोटो संपेपर्यंत. आता त्यालाच आयएसओ म्हणतात आणि तो दर फोटोला बदलता येतो. तो ऑटोवर सोडून द्या. पक्ष्यांसाठी वरची चकती टीव्ही (Tv) या खुणेवर आणा, म्हणजे शटरचा वेग तुम्ही ठरवायचा, आणि शटर १/५०० ठेवा, नातवासाठी १/२५०. लेन्समधला स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर सांभाळतो, पक्ष्याची हालचाल नाही. ती थांबवायला शटर वेगवानच लागतं. देवळात गाभाऱ्याबाहेर चकती एव्हीवर (Av, इथं लेन्सचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवायचं), अ‍ॅपर्चर सगळ्यात उघडं, कोपर खांबाला टेकून. आयएसओ १६०० वर गेला तरी घाबरू नका, रोलच्या काळातल्या चारशेपेक्षा तो स्वच्छ येतो. फ्लॅश आपोआप उडणार नाही एवढं बघा, पुजाऱ्यांना आवडत नाही आणि मूर्तीही सपाट दिसते.

जाता जाता आणखी एक. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनूसाठी मराठीही निवडता येते. पुढंमागं निकॉन घेतलात तरी मेनू इंग्रजीतच ठेवा. शिकवणारे व्हिडिओ, पुस्तिका, भाचा, सगळे इंग्रजी नावांनीच बोलतात, मराठी मेनूत तेच बटण शोधताना तुमचा निष्कारण गोंधळ होईल.

फोटो पुण्याला पाठवताना कॅमेऱ्यातून वाय-फायनं मोबाइलवर घ्या. कॅननचं कॅमेरा कनेक्ट नावाचं अ‍ॅप त्यासाठी फुकट मिळतं, ते भाच्याकडून दुकानातच जोडून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो टाकलात तर तो आकसून जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग जसाच्या तसा पोचतो.

बुरशीचा मुद्दा कॅमेरा घेऊन झाल्यावरही संपत नाही, आणि चिपळुणात तर नाहीच. कॅमेरा कपड्यांच्या कपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, आणि आत एक छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की ते ओलं झालं. तव्यावर मंद आचेवर गरम केलं की पुन्हा निळं होतं, फक्त तो तवा पोळ्यांचा नसावा. डांबरगोळ्या मुळीच टाकू नका. आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून पाच-दहा फोटो काढा, हवा-उजेड लागला की बुरशीला फावत नाही. पूर तुम्ही एकदा अनुभवलाय, तेव्हा तो डबा कुठल्या मजल्यावर ठेवायचा ते मी सांगायला नको.

५५-२५० साठी ऑक्टोबर उजाडू द्या. ती घेताना नावात आयएस आणि एसटीएम ही दोन्ही अक्षरं आहेत ना बघा, जुनी आवृत्ती एसटीएमशिवायची असते आणि पडद्यावरून फोकस करताना मंद पडते. पावसाळाभर ज्यांनी लेन्स दमटात ठेवल्या, त्यांच्या लेन्समधली बुरशी तोवर दिसायला लागलेली असते, म्हणजे पारख करायला सोपी. हिवाळी पाहुणे पक्षीही त्याच सुमाराला उतरायला लागतात. तोवर १८-५५ वर नातू आणि देवळं करा.